कळा आणि कल

बाळ रस्त्यातच आलं. बैलबंडी संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी उभी होती, ऊन डोक्यावर होतं आणि माझी थोरली मुलगी बंडीतल्या कडब्यावर आडवी होती. नाळेचे दोन वेढे बाळाच्या गळ्याभोवती होते. मी ते सोडवले. बाळ निळं पडलं होतं. उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. ते रडलं नाही. तेवढ्यात थोरलीला फार रक्त जायला लागलं. मी बाळ लुगड्यात गुंडाळून बाजूला ठेवलं, कारण मला हात दोनच होते.

बंडी आमच्या शेजाऱ्याची. तो पाठ करून उभा होता. म्हणाला, "बाई, फिरवू का दवाखान्याकडे?"

त्याच दवाखान्यातून तासाभरापूर्वी आम्हाला परत पाठवलं होतं. मी म्हणाले, "फिरव."

मी तेव्हा सौंसरला एका डॉक्टरांकडे कामाला होते. सुया उकळायच्या, फरशी पुसायची, बाळंतिणीजवळ बसायचं. चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे बाटल्यांवरची नावं वाचता येत. डॉक्टर हाताचे चांगले होते. अडलेली बाई त्यांच्याकडे आली की सुटायची. पण पुढे त्यांना मराठी माणसांचं काम करावंसं वाटलं. ते काम होतंच. भाषेवरून राज्यं वेगळी केली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आम्हाला कोणी विचारलं नाही. घरात मराठी, कागदावर हिंदी. शाळेत मराठीचा मास्तर रिटायर झाला की त्याच्या जागी दुसरा येत नसे. डॉक्टर आधी नगरपालिकेत निवडून आले, मग भोपाळच्या कसल्याशा समितीवर आमच्या लोकांच्या वतीने बसले. दवाखान्यात रोग्यांपेक्षा अर्जवाले जास्त दिसू लागले. सुया मी उकळून ठेवायची, त्या तशाच गार व्हायच्या.

थोरली पांढुर्ण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्या गावी आली. मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"मावशी, पोरगी माह्या हाताखालून सुटेल," ते म्हणाले. "त्या आठवड्यात मी कुठंच जात नाही."

"भोपाळहून तार आली तर?"

"आली तर येऊ दे ना. तू काहून भिऊन राहिली?"

पहाटे थोरलीला कळा सुरू झाल्या. बंडी जुंपून सौंसरला आलो तर दाराला कुलूप. कुलपात चिठ्ठी खोचलेली, डॉक्टरांच्या अक्षरात. 'भोपाळला जात आहे. उद्या येतो.'

तिथून सरकारी दवाखान्यात गेलो. कुठल्या गावच्या, ते मी लिहीत नाही. थोरलीला बाहेर बंडीतच ठेवलं आणि मी खिडकीशी गेले. खिडकीमागे एक नर्स होती, तिकडे उत्तरेतून कुठून तरी नवीन बदलून आलेली. समोर रजिस्टर.

"कब की है?" तिने विचारलं. तारीख विचारत होती, हे मला आता कळतं.

मी म्हणाले, "कळा आहेत."

"कल है?"

"हो, कळा. कळा!"

"हाँ हाँ, कल है ना अम्मा. तो कल लाना. आज पलंग नहीं है."

मला बाजारापुरती हिंदी येते. टमाटे, तिकीट, उतरायचं आहे. बाळंतपणाची हिंदी कोणी शिकवली नव्हती, कधी लागली नव्हती. आमच्या ळ ला त्यांच्याकडे जागा नाही, तो त्यांच्या कानात ल होऊन पडतो. मी जितकी ओरडून कळा म्हणाले, तितकी तिची खात्री होत गेली. मग तिने खिडकी लावली.

मला 'कल लाना' समजलं होतं. तरी मी दारावर लाथ घातली नाही. मला वाटलं, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो, शिकलेली बाई आहे, तिला कळत असेल. ही चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही. एकाने मराठीत उद्या सांगितलं होतं, दुसरीने हिंदीत, आणि मी बंडी घराकडे वळवायला लावली.

बागेपासून बंडी परत नेली तेव्हा त्याच नर्सने रक्त पाहिलं आणि धावली. पलंग निघाला. तिने थोरलीला वाचवलं, हेही लिहायला हवं. मी तिला मोडक्या हिंदीत कळा म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टर आले. माझ्याकडून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मावशी, हे मी सभेत सांगू का? आपल्या लोकांचं काय होऊन राहिलं, ते वरच्यांना याच्याशिवाय समजणार नाही."

"सांगा," मी म्हणाले. "पण दाराला कुलूप होतं, तेही सांगा."

"सांगतो ना."

मी त्यांचं काम सोडलं नाही. दुसरं काम नव्हतं.

दोनेक वर्षांनी पांढुर्ण्याला त्यांची सभा झाली. मी थोरलीकडे गेले होते, म्हणून आम्ही दोघी गेलो. बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलो. थोरलीने शेंगा आणल्या होत्या. डॉक्टरांचा आवाज बसला होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं. रोज दोन-तीन गावं करत असतील. त्यांनी सांगायला सुरुवात केली. एक गरीब माय, अडलेली लेक, खिडकी, कळा आणि कल. चांगलं सांगितलं. बायका चुकचुकायला लागल्या. कुलूप आलं नाही. चिठ्ठी आली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "त्या एका अक्षरापायी बाळही गेलं आणि बाळाची आईही गेली."

पुढची म्हातारी डोळ्याला पदर लावून मागे वळली आणि आम्हाला म्हणाली, "आई वं, बिचारी!"

थोरली शेंग सोलत होती. म्हणाली, "हाव ना, बिचारीच." आणि दाणे तोंडात टाकले.

सभा संपल्यावर मी तिला घरी चल म्हटलं. ती सरळ मंडपात पुढे गेली. डॉक्टर हारांच्या ढिगाजवळ खुर्चीत बसून पाणी पीत होते.

"डाक्टरसाहेब, ओळखलं का?"

त्यांनी पाहिलं. मग मागे उभ्या मला पाहिलं. पेला खाली ठेवला.

"मी तुमची मेलेली," थोरली म्हणाली. "माह्या सासरचे बसले होते सभेत. उद्या माह्या सासूनं विचारलं, कोण मेली, तर काय सांगू?"

"बाई, एकट्या बाळावर लोक आता ऐकून घेत नाहीत," डॉक्टर म्हणाले. लपवलं नाही त्यांनी. थकले होते. "आधी मी तसंच सांगत होतो. वरचे म्हणतात, बाळं तर जातातच."

"माह्यं एकच होतं," थोरली म्हणाली.

 पुढच्या सभेत खरं सांगतो, असं डॉक्टर म्हणाले. सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. मी पुन्हा सभेला गेले नाही. पण पांढुर्ण्याच्या बाजारात मला आजही एखादी म्हातारी भेटते आणि विचारते, ती कळावाली पोरगी कोणाची होती वं, जी मेली?

माझी होती. ती मेली नाही. बाळ मुलगी होती, ती गेली. थोरली जगली.