आबांचा शेवटचा प्रश्न

माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या दशक्रियेला आम्हा सर्वांना एक प्रश्न विचारला आणि आमची पहिली दोन उत्तरे चूक ठरवली. (दोष सर्वस्वी माझा होता. तो आरंभीच कबूल केलेला बरा.)

त्याचे असे झाले. हिंजवडीतील नोकरी सुटल्यावर मी शाळकरी मुलांसाठी एक खेळ रचू लागलो होतो. फोन घेऊन मूल एखाद्या प्राचीन ठिकाणाजवळ पोहोचले की खेळ आपोआप जागा होई, ते ठिकाण प्रश्न विचारी आणि मुलाने मोठ्याने उत्तर द्यायचे. पत्नीचे माहेर घोटावड्याच्या बाजूला. तेथे नदीकाठी, दशक्रियेच्या घाटालगत, एक वीरगळ उभा आहे. लढाईत पडलेल्या कोण्या वीराची ही स्मृतिशिळा. कोरलेल्या वीराच्या अंगात तीन बाण रुतलेले. शिळाच बोलते आहे असे वाटावे म्हणून तिच्यामागच्या गवतात मी उन्हावर चालणारा एक छोटा स्पीकर राखाडी रंग देऊन दडवला. बोलणाराही तोच, ऐकणाराही तोच. वीराचा आवाज मात्र सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा.

"त्यो गडी हितलाच व्हता ना? मंग हितल्यावानीच बोलनार," असे म्हणून त्यांनी माझी शुद्ध संहिता बाजूला सारली. बोलण्यापूर्वी सवयीप्रमाणे ते दोनदा खाकरले. ते खाकरणेही मी तसेच ठेवले. (अस्सलपणाचा मोह!)

महिन्याभरात आबा गेले. त्या धावपळीत स्पीकर कोणाला आठवतो?

दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडले. कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे ओळीने बसून आमच्याकडे एकटक पाहत होते. वारा पूर्ण पडला होता. सासूबाई पदर तोंडाला लावून पुटपुटत होत्या, "काय ऱ्हायलं वो तुमचं? आसं नगा ताटकळू. सांगा की!"

त्यांना सावरायला माझी पत्नी पुढे आली. माझा फोन तिच्या पर्समध्ये होता.

शिळेमागून कोणीतरी दोनदा खाकरले.

गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला.

"थांबा! मी आजून हितंच उबा हाय. जबाब दिल्याबिगर कुनी हलायचं न्हाई. सांगा, माज्या अंगावर घाव किती?"

साठ माणसांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, फरक इतकाच, की मला कारण ठाऊक होते.

मेहुणा दत्ता पिंडांपुढे आडवा झाला. "आबा, एक! त्यो माजा! हिरीचं शेत तुमाला न इचारता इकायला काढलंया!"

"चूक! परत मोज."

"न्हाई इकत! आईच्यान न्हाई इकत!"

पत्नीला हुंदका आवरेना. "दोन, आबा! आमच्या नांदे गावच्या फ्लॅटवर राहायला येतो म्हणालात, आणि मी जागा नाही म्हटलं!"

"चूक! नीट बघून मोज. येकच संदी उरली."

स्पीकर माझ्यापासून दहा पावलांवर होता. मी उठून तो बंद करू शकलो असतो. परंतु सासरच्या साठ माणसांदेखत ती दहा पावले मला झेपली नाहीत. आणि मग आठवले, तिसऱ्या चुकीनंतर वीराची रणगर्जना वाजणार होती! (मुलांना गंमत वाटावी म्हणून.) इकडे सासूबाई उभ्या राहिल्या आणि आपला घाव सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. ती गर्जना त्यांचे काळीज सोसणार नव्हते.

"तीन!" मी ओरडलो.

"बराबर! आता तुमी मोकळं. पुढं व्हा!"

आणि बाभळीवरचा एक कावळा सरळ खाली उतरून पिंडाला शिवला. (याचा खुलासा मी आजही देऊ शकत नाही. माझ्या खेळात कावळा नव्हता!)

साठ माना माझ्याकडे वळल्या.

"पाव्हणं," सासूबाई हलकेच म्हणाल्या, "तिसरा घाव तुमचा? तुमी काय केलंत?"

ती दहा पावले अखेर मी चाललो आणि गवतातून स्पीकर काढून त्यांच्यापुढे ठेवला. "मामी, हा बोलला. आवाज आबांचा, अपराध माझा."

दत्ता गुडघे झाडत उठला. "म्हंजी डबा बोलला व्हय! मंग शेताचं..."

"गप!" सासूबाई कडाडल्या. "बोलला आसंल डबा. पन शेत इकायला डबा गेलावता का?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "त्येंचं खाकरनं तेवडं परत लावा."

मी लावले.

शेत दत्ताने विकले नाही. खेळ मी गुंडाळला. मुलांना इतिहास शिकवण्यासाठी रचलेल्या त्या खेळात आजवर एकच खेळाडू उत्तीर्ण झाला आहे: तो रचणारा! तोही शेवटच्या संधीला, उत्तर आधीपासून पाठ असताना.