शिडी पुन्हा मैदानात उतरते

इस्पितळाच्या धोबीखान्यात तिला सगळे शिडी म्हणत. हे नाव तिला आधीच्या नोकरीत पडलं होतं. तरुणपणी ती काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायला होती. तिची उंची पाहून तिथल्या साहेबांनी तिला कारखान्याच्या बास्केटबॉल संघात ओढलं. तोवर तिने चेंडू हातातही धरला नव्हता. पण पुढे ती अशी तयार झाली, की ती बास्केटखाली उभी राहिली की समोरच्या संघाच्या तोंडचं पाणी पळायचं. सलग तीन वर्षं करंडक त्यांच्याकडे राहिला. मग कारखाना बंद पडला, संघ पांगला आणि शिडी इस्पितळाच्या चादरींत येऊन पडली. ओल्या चादरी यंत्रातून उपसायच्या, इस्त्रीच्या गरम रुळांत सरकवायच्या, दुसरं टोक कुणी धरलं की घडी घालायची. कंबर भरून यायची, पण त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. बढाया मात्र भरपूर मारायची.

तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदाच्या विजेत्या बास्केटबॉल संघात होती. एकदा ती घरी आली असताना टीव्हीवर तिचाच अंतिम सामना पुन्हा दाखवत होते.

"असल्या पोरींना आम्ही पाणी पाजलं असतं," शिडी म्हणाली. "लांबून फेकायचं आणि पळत सुटायचं. याला काय खेळ म्हणतात?"

"मावशी, तुमचा संघ आमच्यासमोर दहा गुण तरी करेल का?"

"एकदाची लावा झुंज," शिडीचा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "घरातली कटकट तरी मिटेल."

तो गमतीने बोलला, पण भाचीने ते मनावर घेतलं. तिच्या संघाच्या क्रीडागृहात नवी लाकडी जमीन बसवली होती आणि तिच्या उद्घाटनाला मैत्रीचा सामना हवाच होता.

शिडीने पहिला फोन केला ठिणगीला. संघात सगळ्यांत चपळ असलेली ठिणगी आता चष्म्यांचं दुकान चालवत होती.

"अगं, माझा एक गुडघा बदललाय आणि दुसरा रांगेत आहे," ठिणगी म्हणाली. मग तिनेच विचारलं, "सराव कुठे करायचा?"

जुन्यांपैकी सहा जणी जमल्या. कामं आटपून शाळेच्या आवारात पळायच्या, धापा टाकायच्या आणि एकमेकींच्या पोटांवरून हसायच्या.

सामन्याच्या दिवशी शिडी सवयीप्रमाणे बास्केटखाली हात पसरून उभी राहिली. पण तिच्याकडे कुणी फिरकेचना. पोरी लांबच्या रेषेबाहेर थांबायच्या आणि तिथूनच चेंडू सोडायच्या. तो तिच्या डोक्यावरून जाऊन जाळीत पडायचा.

"अगं, आत या की!" ती न राहवून ओरडली. सगळं क्रीडागृह खो खो हसलं.

एकदाच तिला मनासारखा चेंडू मिळाला. पाठीशी उभ्या असलेल्या दांडग्या पोरीला खांद्याने रोखून तिने एका हाताने तो मागच्या मागे टाकला. थेट आत! पोरगी बघतच राहिली. तरीही मध्यंतराला त्यांचे गुण होते चार आणि समोरच्यांचे चाळिसाच्या वर.

मध्यंतरानंतर पोरींना दया आली. भाचीने ठिणगीला हातातला चेंडू अलगद काढू दिला, बाकीच्या बाजूला सरकल्या आणि ठिणगीने बास्केट केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिडी तडक पंचांकडे गेली.

"हे दोन गुण काढून टाका. ही आमची कमाई नाही."

मैत्रीचाच सामना होता. पंचांनी हसून ते काढले. शिडी भाचीकडे वळली. "आजाऱ्याला पेज भरवतेस का? नीट खेळ."

भाचीचा चेहरा लाल झाला. "मग नंतर रडायचं नाही हं, मावशी."

त्यानंतर पोरी अशा सुटल्या, की म्हाताऱ्यांच्या तोंडाला फेस आला. भाचीने एकदा असा चकवा दिला, की शिडीच्या पायात पाय अडकले आणि तिने जमिनीवर बैठकच मारली. शेवटी त्यांचे गुण सहाच राहिले. शिडी मनापासून हसली, पण ठिणगी हसली नाही.

"आयुष्यभर सांगायला ते दोन तरी राहू द्यायचे होतेस," बूट काढताना ती म्हणाली आणि निरोप न घेताच निघून गेली. ते शिडीला हरण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी भाचीने कंबर शेकायची पिशवी आणून दिली आणि विचारलं, "खरं सांग, तुम्ही माझ्या वयाच्या असतात तर?"

शिडीने थोडा विचार केला. "तरी हरलो असतो. आम्ही ड्यूटी करून उरल्या वेळात खेळायचो, तुमचा दिवसच त्यात जातो. पण इतका मार खाल्ला नसता."

"आणि मी तुमच्या संघात असते तर?"

"बाकावर बसली असतीस. पास कुठे देतेस तू?"

भाची हसली. तिचे प्रशिक्षकही तिला हेच सांगत होते.

रविवारी सकाळी शिडी स्वतःच क्रीडागृहात हजर झाली. "ते लांबून कसं फेकतात, मला दाखव."

"ताकद गुडघ्यांतून आण, मावशी."

"असेल तर आणीन ना!"

तिचा चेंडू जाळीच्या वाटेतच खाली पडायचा. दोन रविवार असेच गेले. मग ठिणगीच्या दुकानात जाऊन ती सरळ म्हणाली, "तुझे गुण तुला न विचारता घालवले. चुकलंच माझं. रविवारी मी भाचीकडे लांबून फेकायला शिकते, येशील?"

ठिणगीने समोरच्या चष्म्याची काच पुसून संपवली. "कितीला जमता?" तिने विचारलं.

पुढच्या रविवारपासून दोघी मिळून चेंडू वाटेतच पाडू लागल्या.