सगळ्या कॅरेटांवर एकच नाव

पुण्याच्या नोकरीत मी ऑब्जेक्टिव्ह-सी या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली ॲप्स सांभाळते. त्यामुळे मालेगावच्या भाजी हर्रासात, म्हणजे लिलावात, कुणाची प्लास्टिकची कॅरेटं कोणती, एवढं नोंदवणारं ॲप म्हणजे माझ्या हातचा मळ, अशी फुशारकी मी घरी मारली होती. माझी आई वांगी पिकवते. तिनं गावातल्या पाच बायांना गळ घातली, "माह्या पोरीचं काम हाये, भरोसा ठेवा." या बाया ओळखीसाठी कॅरेटाला आपापल्या लुगड्याची चिंधी बांधत. तो अडाणीपणा मीच बंद करायला लावला. कॅरेटांना नंबर चिकटवले आणि नावं फोनमध्ये घेतली.

हर्रास झाला, व्यापाऱ्याचा टेम्पो लागला. यादी उघडली तर सगळ्या नंबरांपुढे एकच नाव, शेवटी आलेल्या बाईचं! एकदा माल चढला की कुणाची वांगी कोणती हे देवालाही कळलं नसतं.

"माहे वांगे तिच्या नावावर काहून दिसून राह्यले?" एकीनं विचारलं. मला नाही, आईला. आईची मान खाली गेली.

मी पोत्यावर लॅपटॉप उघडला. चूक एका शब्दाची होती. नाव साठवायच्या खान्याला, म्हणजे प्रॉपर्टीला, मी 'कॉपी'ऐवजी 'स्ट्राँग' लिहिलं होतं. स्ट्राँग म्हणजे वस्तू नुसती घट्ट धरून ठेवणं. कुणीतरी धरून आहे तोवर ती जिवंत ठेवायची, सगळ्यांनी सोडली की मोडीत काढायची, हे आपोआप होतं. पण धरलेली वस्तूच बदलली तर? मी एकच पाटी पुसून पुसून आईसकट सहा नावं लिहिली होती आणि सगळी कॅरेटं त्याच पाटीला धरून बसली होती. कॉपीनं प्रत्येकाला स्वतःची पाटी मिळाली असती. मी शब्द बदलला, पण पुसलेली नावं थोडीच परत येणार होती?

टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"कॅरेट उचला अन् खालून पाहा," आई म्हणाली.

प्रत्येक कॅरेटाच्या तळाला चिंधी होती. हिरवी, जांभळी, ठिपक्यांची, ज्या त्या बाईची. पाच मिनिटांत वाटणी झाली.

"हे कवा बांधलं?" मी विचारलं.

मघाचीच बाई हसली. "तुह्या मायनंच सांगतलं, खालून बांधा, पोरीले दिसू नका देऊ."

जीव भांड्यात पडला आणि लगेच रडूही आलं. सगळ्यांना भरोसा ठेवायला सांगणाऱ्या आईनं स्वतः तो ठेवला नव्हता, आणि तिचंच बरोबर होतं.