दोन विंगांमधला स्लॅब

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते बोरी अरबच्या शाळेत मला गणित शिकवणाऱ्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सर माझ्यासोबत धावपळ करत फिरले, आणि पुढे पुण्यातल्या, इमारतींचं डिझाइन करणाऱ्या ऑफिसातली नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली. तिथले वरिष्ठ इंजिनिअर सरांचेच जुने विद्यार्थी. त्यांना मी भाऊ म्हणतो.

काम बोरीतल्या घरूनच करतो. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत माझ्याच खोलीत भरलेला असतो. खुर्ची जरा मागे सरकवली की पाठ कापसाला टेकते. पाहुणे आले की बाबा दारातूनच स्क्रीन दाखवतात. "पोट्टं चाळीस माळ्याची बिल्डिंग उभी करून राह्यलं."

त्या बिल्डिंगच्या दोन विंगा प्रत्येक मजल्यावर एका अरुंद पॅसेजने जोडलेल्या. एकीत लिफ्टच्या जाड भिंती, दुसरीत नुसते कॉलम, त्यामुळे भूकंपात दोन्ही सारख्या हलणार नाहीत. पण आमच्याकडे प्रत्येक मजल्याचा स्लॅब 'रिजिड' धरायची पद्धत. म्हणजे अख्खा मजला ताटासारखा एकत्र सरकतो, कुठे ताणला जात नाही, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. साध्या चौकोनी इमारतीला ते चालतं. इथे मात्र पॅसेजच्या स्लॅबवर किती ताण येतो, हे त्यात दिसतच नाही. मी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये स्लॅबचे लहान लहान तुकडे पाडून गणित पुन्हा सोडवलं, तर सगळा ताण पॅसेजमध्येच गोळा झालेला. ड्रॉइंगमधली सळई पुरणारी नव्हती.

भाऊंना फोन केला. ड्रॉइंग बिल्डरकडे गेलं आहे, आता बदललं तर आपलंच चुकलं असं होईल, असं ते म्हणाले. मग हसून, "कापसावर बसून तू पुण्याची बिल्डिंग हलवून राह्यला काय बे?" मी सळईचा आकडा पुन्हा सांगितला, तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "सरांनी सांगितलं म्हणून तुले घेतलं. रिजिडचंच मॉडेल पाठव."

पुढचे काही दिवस मी पाठवलंही नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नोकरी सोडावी तर बाबांना काय सांगू? अडून बसावं तर सरांचा शब्द जातो. आणि पाठवावं, तर त्या पॅसेजमधून रोज माणसं जाणार.

सर आता यवतमाळला मुलाकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून शेवटी पत्र लिहिलं.

"आदरणीय सर,
भाऊंकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. त्यांनी मागितलेलं मॉडेल मी दिलं नाही. स्लॅबचे तुकडे पाडलेलं पाठवलं आणि पॅसेजची सळई वाढवावी लागेल, असं लेखी कळवलं. त्यानंतर त्यांचा फोन नाही, नवीन कामही नाही. बाबांना अजून बोललो नाही, म्हणून रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करून नुसता बसतो. माझ्यामुळे तुम्हाला कमीपणा आला, याचं फार वाईट वाटतं. तरी ते मॉडेल माझ्या हातून जाणार नाही. रविवारी यवतमाळला येतो. रागावलात तरी थोडा वेळ बसू द्या.
तुमचा विद्यार्थी"