हेडरेस्ट आणि खिडकीचं हँडल

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दाराशी एक फळा आहे. वरच्या पट्टीवर ‘ठाऊक आहे का?’ हे शब्द ऑइलपेंटने रंगवलेले आहेत, खालची जागा खडूसाठी मोकळी. बावीस वर्षं मास्तर रोज सकाळी साडेसातला ओल्या फडक्याने कालचं वाक्य पुसून नवं लिहीत आले आहेत. बहुतेक गाड्यांत पेट्रोलच्या काट्याशेजारी एक बारीक बाण असतो. टाकीचं झाकण ज्या बाजूला, त्या बाजूला त्याचं टोक. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे टायरची जन्मतारीख. पेनाच्या टोपणाला भोक असतं, ते मुलाने टोपण गिळलंच तर श्वास चालू राहावा म्हणून. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर कामावर जाताना फळ्यापाशी थांबतो आणि दिवसभर तेच पेशंटना ऐकवतो.

मास्तर एकोणसाठ वर्षांचे आहेत. नववीत शाळा सुटली, मग पंधरा वर्षं ट्रक चालवला, मग हे स्कूल. शेजारच्या सीटवर बसलेल्या इंजिनियरला किंवा वकिलाला ‘ठाऊक आहे का?’ असं विचारावं, त्याने नकारार्थी मान हलवावी आणि मग आपण सांगावं, यात त्यांना होणारा आनंद लपत नसे. टेबलावर बसून नावनोंदणी करणारी त्यांची बायको म्हणायची, “लोक येतात गिअर शिकायला. हे त्यांना अख्खं जग शिकवून पाठवतात.”

कोर्सच्या शेवटच्या दिवशी गाडी मैदानाच्या कडेला उभी राहायची. इंजिन बंद. मास्तर बटण दाबून सीटचं हेडरेस्ट त्याच्या दोन लोखंडी दांड्यांसकट उपटत आणि शिकणाऱ्याच्या मांडीवर ठेवत.

“हे निघतं कशासाठी, ठाऊक आहे का? गाडी पाण्यात गेली की दार उघडत नाही. काच उघडत नाही. तेव्हा हे उपटायचं आणि या दांड्यांनी काच फोडायची. कंपनीवाल्यांनी मुद्दाम तशी सोय करून ठेवलीय. शंभरातल्या नव्वद ड्रायव्हरांना हे ठाऊक नसतं.”

शिकणाऱ्याने हेडरेस्ट एकदा काढून पुन्हा बसवायचं, की कोर्स संपला. काच कुणी फोडून पाहिली नव्हती. स्कूलच्या गाडीची काच कोण फोडणार?

पडदेवाल्या ताई चार वर्षांपूर्वी मास्तरांकडे शिकल्या. त्यांचा पडदे शिवण्याचा कारखाना आहे, म्हणजे दोन खोल्या, सात मशिनं आणि नऊ बायका. पडदे पोचवायला त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. एका मंगळवारी दुपारी त्या सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेत होत्या. रुळांखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यात पाणी दिसलं. आभाळ कोरडं होतं, तेव्हा पाणी घोटाभर असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात वरच्या बाजूला पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली होती. मध्यावर इंजिन बंद पडलं आणि पाणी दाराच्या कडीपर्यंत चढलं. दार ढकलून उघडेना.

ताई घाबरल्या नाहीत. मास्तरांचं वाक्य त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. पुढच्या सीटना हेडरेस्ट सीटमध्येच शिवलेलं होतं, ते निघणारं नव्हतं. म्हणून त्या दोन सीटांमधून मागे गेल्या, सासूबाईंच्या डोक्यामागचं हेडरेस्ट ओढू लागल्या. बटण गंजलेलं होतं. ते निघालं तोवर पाणी सीटवर आलं. मग त्यांनी दांड्यांनी काचेवर घाव घातले. सात की आठ, नक्की आठवत नाही. दांडा प्रत्येक वेळी सटकला. शेवटच्या घावाला मनगट मुरगळलं.

सासूबाई बाजूला सरकून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी आयुष्यात गाडी चालवलेली नाही. त्या म्हणाल्या, “अगं, फोडतेस कशाला? ही खाली होते की.” आणि त्यांनी आपल्या बाजूचं हँडल गोल फिरवलं. काच खाली झाली. वरून दोन माणसं उतरली आणि त्यांनी दोघींना खिडकीतून ओढून काढलं.

शुक्रवारी ताई स्कूलमध्ये आल्या. मनगटाला पट्टी होती. ताईंची गाडी पाण्यात अडकल्याचं मास्तरांच्या कानावर आलं होतं. त्यांना वाटलं, आभार मानायला आल्या असतील. हकिकत सांगून झाल्यावर ताई म्हणाल्या, “मास्तर, तुमचं शिकवणं मी वाया घालवलं. माझ्याच हातात जोर नव्हता. सासूबाई नसत्या तर संपलंच होतं.”

बायको टेबलामागून मास्तरांकडे पाहत होती.

मास्तर म्हणाले, “काचेच्या मधोमध मारलंत ना? कोपऱ्यात मारायचं असतं. सरावाने जमतं, ताई.”

“कोपऱ्यात,” ताईंनी म्हटलं आणि मान हलवली. “तेच चुकलं माझं.”

त्या गेल्यावर बायकोने विचारलं, “अहो, कोपऱ्यात मारायचं हे कधी ठरलं?”

मास्तरांनी दुपारचे दोन वर्ग रद्द केले, स्कूलच्या गाडीचं हेडरेस्ट काढून पिशवीत घातलं आणि ते भंगारवाल्याकडे गेले.

भंगारवाला त्यांचा जुना ओळखीचा. त्याने एका चेपलेल्या गाडीचं शाबूत दार दाखवलं आणि चहा मागवला. मास्तरांनी आधी मधोमध मारलं, मग कोपऱ्यात. वीस घावांनंतर काचेवर पांढरे ओरखडे उठले होते आणि मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“काय सूड उगवताय का हो दारावर?” भंगारवाल्याने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं.

“या बोथट दांड्याने? कधी एखाद्याची फुटतही असेल. पण पाण्यात बसून, हात मागे न्यायलाही जागा नसताना?” त्याने खिशातून बोटभर लांबीचा टोकदार पंच काढला, काचेच्या कोपऱ्यावर टेकवला आणि हातोडीने एक टिचकी मारली. सगळी काच साखरेसारखी दाणेदार होऊन खाली आली. “टोक लागतं, मास्तर. आणि हे बाजूच्या काचेचं झालं. पुढच्या काचेत दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती अशी सांडतच नाही. तुम्हाला ठाऊक असेलच.”

मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

परत येऊन त्यांनी स्कूलच्या गाडीचा डॅशबोर्डचा कप्पा उघडला. गाडीबरोबर आलेलं पुस्तक तिथे नऊ वर्षं होतं. त्यावरचं प्लास्टिक फाडलेलंसुद्धा नव्हतं. हेडरेस्टवर दीड पान होतं. मागून धडक बसली तर मान झटक्याने मागे जाऊ नये म्हणून ते असतं, बसणाऱ्याच्या उंचीप्रमाणे ते वरखाली करावं. काचेचा उल्लेख नव्हता. त्यांनी ते दीड पान तीनदा वाचलं. मागच्या बाजूला पाण्याबद्दल एक परिच्छेद होता: गाडी पाण्यात सापडल्यास पट्टा सोडा, ताबडतोब काच खाली करा, विजेवर चालणाऱ्या काचाही बहुधा पहिला थोडा वेळ चालतात. म्हणजे ‘काच उघडत नाही’ हेही खरं नव्हतं. त्याच वाक्यामुळे एका शहाण्या बाईने हाताशी असलेलं हँडल पाहिलं नव्हतं.

हेडरेस्टची गोष्ट त्यांना ट्रकच्या दिवसांत एका ढाब्यावर दुसऱ्या ड्रायव्हरने सांगितली होती. त्या ड्रायव्हरचं नावही मास्तरांना माहीत नव्हतं. ‘कंपनीवाल्यांनी मुद्दाम सोय केलीय’ हे वाक्य मात्र त्याचं नव्हतं. ते मास्तरांनी नंतर घातलं होतं. त्याशिवाय ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होत नसत.

सत्य कळल्यावर ते लगेच ताईंकडे गेले असं झालं नाही. आठ दिवस ते गेले नाहीत. फळ्यावर त्यांनी पेनाच्या टोपणाचं वाक्य लिहिलं आणि ते पुसलंच नाही. दोनदा ते ताईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतले. बायकोला त्यांनी भंगारवाल्याकडचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग मला काय सांगताय? बुडता बुडता मी वाचलेय का?”

नवव्या दिवशी कंपाउंडर आत आला. “मास्तर, मानलं तुम्हाला. पडदेवाल्या ताईंनी कारखान्यात वर्ग सुरू केलाय. रोज चहाच्या सुट्टीत नऊ बायका, एक हेडरेस्ट. कोपऱ्यात मारायचं, कोपऱ्यात मारायचं, असं घोकून घेतात. पट्टी बदलायला आल्या तेव्हा मलाही दाखवलं. रबरी चेंडू दाबून मनगट पक्कं करतायत.”

मास्तर उठले, चप्पल घातली आणि निघाले.

कारखान्यात सात मशिनं चालू होती. ताई टेबलावर कापड मोजत होत्या. दाराजवळच्या खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून सासूबाई पडद्यांच्या कड्या निवडत होत्या. कपाटावर हेडरेस्ट ठेवलेलं होतं, त्याचे दांडे पुसून चकचकीत केलेले.

“या मास्तर,” ताई म्हणाल्या. “बघा माझा वर्ग.” त्यांनी हात वर केला तशी मशिनं एकेक करून थांबली. “हे माझे मास्तर. यांनीच शिकवलं मला.”

दोन बायकांनी नमस्कार केला. मास्तरांना बसायला खुर्ची आली, ते बसले नाहीत.

“ते चुकीचं आहे,” ते म्हणाले. “त्याने काच फुटेल असं धरून चालू नका. मी भंगारातल्या दारावर वीस घाव घातले, कोपऱ्यातही. फुटली नाही. ते मानेसाठी असतं. पाण्यात गाडी गेली तर पहिल्यांदा काच खाली करायची. ताईंच्या हातात जोर कमी नव्हता. मीच चुकीचं शिकवलं.”

कोपऱ्यातली एक बाई शेजारणीला म्हणाली, “आणि मी नवऱ्याला शिकवून आले,” आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. “तुम्हाला कधी कळलं?”

“तुम्ही आलात त्याच दिवशी दुपारी.”

“आज नऊ दिवस झाले.”

“हो.”

“ते जाऊ दे. मी आले तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, धरून चालू. मग कोपऱ्यात मारायचं हे कुठून आलं?”

मास्तर खाली पाहत होते. जमिनीवर धाग्यांचे तुकडे पडले होते. “तिथल्या तिथे सुचलं,” ते म्हणाले. “मला ठाऊक नाही, असं म्हणता आलं नाही.”

“रोज रात्री अंथरुणावर पडलं की माझ्या डोळ्यांसमोर तीच काच येते,” ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “आणि मला वाटतं, सासूबाईंना मी मारलंच होतं, माझ्या हातामुळे.”

“माझं काय झालंय?” सासूबाई दाराजवळून म्हणाल्या. “मी तेव्हाच म्हटलं होतं, खाली होते की. शिकलेल्यांना कोण सांगणार?”

मास्तरांनी विचारलं, काही करता येईल का. ताईंनी हेडरेस्ट कपाटावरून काढून त्यांच्या हातात दिलं. “हे घेऊन जा. आणि तुमचा तो फळा आहे ना, तिथे लिहा. वहीत नाव असलेल्या प्रत्येकाला फोन करा.” मग त्यांनी हाताने खूण केली आणि मशिनं सुरू झाली.

वाटेत दोघा ओळखीच्यांनी मास्तरांना विचारलं, हेडरेस्ट कुठे चाललंय. त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी फळा पुसला. लिहायला पाऊण तास लागला, कारण दोनदा त्यांनी ‘काही ठिकाणी असा समज आहे’ अशी सुरुवात केली आणि दोनदा बायकोने फडकं पुढे केलं. शेवटी फळ्यावर राहिलं ते असं: ‘गाडी पाण्यात गेली तर पट्टा सोडा, लगेच काच खाली करा. हेडरेस्टने काच फोडायला मी बावीस वर्षं शिकवलं. ते चूक होतं. मी कधी करून पाहिलं नव्हतं.’ खाली त्यांनी सही केली. एरवी फळ्यावर सही नसते.

कंपाउंडरने वाचलं आणि त्या दिवशी तो आत आला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने मोबाइलवर फोटो काढला. मास्तर आत टेबलाशी नोंदवही उघडून बसले होते. बायको नंबर लावून देत होती, बोलायचं त्यांनीच, अशी तिची अट होती. पहिल्या पानावरचा एक जण म्हणाला, “मास्तर, मी तर लायसन्स काढून गाडीला हातच लावला नाही.” दुसऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पेट्रोलचा बाण तरी खरा आहे ना?”

मास्तर म्हणाले, “तो मी पाहिलाय.”

अकराच्या सुमाराला बाहेर ताईंची दुरुस्त होऊन आलेली गाडी थांबली. ताई उतरल्या नाहीत, इंजिन चालूच होतं. मागच्या खिडकीची काच पूर्ण खाली होती आणि सासूबाई डोकं बाहेर काढून फळा वाचत होत्या. त्या सावकाश वाचतात, एकेका शब्दावर ओठ हलतात. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

वाचून झाल्यावर सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“अक्षर चांगलं आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. गाडी पुढे गेली. मास्तर आत आले आणि त्यांनी पुढच्या नंबरासाठी हात पुढे केला.