सुलैबीखातच्या धुक्यात

बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता. तीन दिवस ते दवाखान्यात होते आणि ते तीनही दिवस मी देवापुढे एकच मागणं मागत होते, मला वेळेत पोचू दे. चौथ्या दिवशी भावाने फोनवरच सगळं दाखवलं. कुवेतमधल्या रिग्गईच्या आमच्या फ्लॅटमध्ये, ओट्याला टेकून, मी माझ्या वडिलांना शेवटचं पाहिलं. बाबांना उचलताना चित्र अडकलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा अंगण रिकामं होतं. त्यानंतर मी देवाजवळ दिवा लावला नाही. भांडलेही नाही. ज्याला माझं ऐकू येत नाही त्याच्याशी बोलायचं कशाला, इतकंच मनात होतं. आईला फोन करायचे, पण जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, यापलीकडे जायचे नाही. ती बाबांचं काही सांगायला लागली की मीच विषय बदलायचे.

बाबा गुहागरकडच्या आमच्या गावात पोस्टमन होते. आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने पाच वाड्या पायी फिरत आणि रविवारी पुन्हा मला घेऊन चालायला निघत. "आज पिशवी नाही, आज मजेचं चालणं," असं म्हणायचे. मला ते बाय म्हणत. ओहोटी कशी ओळखायची, चिखलावर सरपटणारे ते छोटे मासे, निवटे, कुठे उड्या मारतात, हे मी त्यांच्याकडून शिकले. लग्नानंतर कुवेतला आल्यावर ती सवय मी यजमानांनाही लावली. दर शुक्रवारी सकाळी आम्ही कुठल्यातरी किनाऱ्यावर चालायला जातो. इथला समुद्र शांत असतो, नारळीपोफळी नाहीत, वाळूला आपल्याकडचा वास नाही. पण सुलैबीखातला ओहोटीच्या वेळी मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यात अगदी आपल्यासारखे निवटे असतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी तिथूनच बाबांना फोन लावला होता. किती हसले होते ते.

बाबांना जाऊन महिना झाला असेल. थंडीतला शुक्रवार होता. यजमानांना अम्गऱ्यात गोदामावर तासाभराचं काम निघालं, तेव्हा त्यांनी मला वाटेत सुलैबीखातला सोडलं. "लांब जाऊ नकोस, येतोच मी," असं सांगून गेले. हलकं धुकं होतं. मी दगडांवरून उतरले आणि चिखलातून चालत सुटले. खरं सांगायचं तर मनात काहीच नव्हतं. पाय नेतील तिकडे जात होते. केव्हातरी थांबून मागे वळले तर किनारा नव्हता, रस्त्यावरचे दिवे नव्हते, गाड्यांचा आवाजही विरून गेला होता. चारी बाजूंना एकसारखं पांढरं. आणि पायाखाली पाणी सरकत होतं.

भरती लागली होती. मी घाईने एका बाजूला निघाले तर पाणी पोटरीपर्यंत आलं. दुसरीकडे वळले तर पाय गुडघ्यापर्यंत रुतला; तो ओढून काढताना बूट आतच राहिला. फोन गाडीत विसरला होता. ओरडावं तर कुठल्या दिशेला, तेही कळेना. देवाचं नाव घ्यावं, असंही मनात आलं नाही, हे मी कबूल करते. एवढंच वाटलं की आता संपलं, आणि त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. ते आठवलं की आजही मला भीती वाटते.

तेवढ्यात डाव्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "बाय, तिथंच उभी रव! पुढं जाव नको, भरती लागलीय. मागं फिर!"

आमच्याकडची बोली. आणि बाय ही बाबांची हाक. मी जिवाच्या आकांताने हाक दिली, "मी इथे आहे! बोलत राहा!" मग तोच आवाज बदलला, घाबरला. "कोन हाय? ये, हिकडं ये, माझ्या आवाजावर ये!" ते ओरडत राहिले आणि मी चालत राहिले. दगडांजवळ पोचले तेव्हा एका म्हाताऱ्या हाताने मला वर ओढलं.

दाढी पांढरी, डोक्याला मफलर. दाभोळ खाडीकाठचे मुसलमान गृहस्थ होते, शर्कच्या मच्छीबाजारात कामाला. दुपारची पाळी होती म्हणून सकाळी किनाऱ्यावर आले होते. त्यांनी स्वतःचं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं. "चाचा, तुम्हाला मी दिसले कशी?" मी विचारलं.

ते गोंधळले. "दिसलीस खंय गो? मी गावाला माझ्या लेकीशी फोनवर बोलत होतो. ती तिसऱ्या शिंपल्या काढायला खाडीत शिरलेली, तिला मागं बोलवत होतो. तुझी हाक ऐकली आणि फोन हातातनं पडला." त्यांनी दगडांतून फोन उचलून पुसला. मग म्हणाले, "तिची आई गेली तवा मी पण हितंच होतो. माती द्यायला पोचलो नाय."

माझे बाबा गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण त्यांचं बोलणं ऐकून महिनाभर अडलेलं रडू बाहेर आलं. यजमान येईपर्यंत चाचा शेजारी बसून राहिले.

पासपोर्ट आल्यावर मी गावी गेले. आई परसात बसली होती. या वेळी मी विषय बदलला नाही. तिच्या पायाशी बसून विचारलं, "बाबा शेवटी काही बोलले का गं?"

"त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं," ती म्हणाली. "विचारलं, बाय आली काय? मी हो म्हटलं. तुझा म्हणून माझाच हात त्यांच्या हातात दिला. मग शांत झाले."

मी आईचा तो हात कपाळाला लावला. माझं मागणं देवाने ऐकलं की नाही, हे मी आता विचारत नाही. मला जिथे पोचता आलं नाही तिथे माझ्या नावाने कुणीतरी पोचलं होतं. दुःख आहे तेवढंच आहे. फक्त ते मी एकटीने धरून ठेवलेलं नाही.