घुमट वाजलं की थांबायचं

माझ्या आत्याइतकी माणसांना थांबायला लावणारी बाई अख्ख्या डिचोली तालुक्यात दुसरी झाली नाही. खनिजाचे ट्रकसुद्धा तिच्या बालवाडीसमोर आले की वेग आवरायचे. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, मराठी की कोकणी या वादात हॉटेलातली माणसं चहा गार करत होती, आणि आत्या दोन्ही बाजूंना सारखंच सुनावायची, "पोरांक पयलीं रावपाक शिकूं दी मरे, मागीर खंयचीय भास शिकयात." रावप म्हणजे थांबणं. मुलाला धीर धरता यावा, सांगितलेलं ध्यानात राहावं आणि नियम बदलला की त्यालाही बदलता यावं, एवढंच तिचं मागणं. अक्षरांना कसली घाई!

या अभ्यासातून मोठेही सुटत नसत. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की ती मला पिटाळायची: उंडे आण, बांगडीच्या आकाराची काकणं आण, येताना जास्वंदीचं फूल तोड आणि फाटक लाव. मी पाव घेऊन, फूल विसरून, फाटक सताड उघडं टाकून ऐटीत परतायचो, आणि माझ्यामागून शेजारची गाय यायची. आत्या गाईलाच म्हणायची, "यो गो बाय, तुका तरी वाट याद उरली."

मुलांसाठी तिचं लाडकं साधन म्हणजे घुमट, मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं आमच्याकडचं वाद्य. बायकांनी घुमट वाजवायची रीत गावात नव्हती, पण आत्याला अडवणार कोण? घुमट थांबलं की मुलांनी जागच्या जागी थांबायचं. ते अंगवळणी पडलं की नियम उलटा: वाजेल तोवर थांबायचं, गप्प झालं की चालायचं.

एका शनिवारी खाणीच्या ऑफिसातले हेडक्लार्क आपल्या मुलीला, सुमनला, काढून न्यायलाच आले. मागे बाकीचे पालक. सुमन गेली की त्यांचीही मुलं जाणार आणि बालवाडीला कुलूप लागणार, हे आत्याला दिसत होतं.

"वर्स जालें, चेडवाक एक अ बरोवंक येना!" हेडक्लार्क हवेत बोटाने अक्षर गिरवत गरजले.

"बरें. वचचे आदीं तुमीं सगळीं एक फावट खेळात," आत्या म्हणाली. जायच्या आधी एक डाव म्हणून तिने मुलांबरोबर पालकांनाही अंगणात उभं केलं आणि उलटा नियम सांगून घुमटावर चतुर्थीच्या आरतीचा ठेका धरला.

आता आरतीचा ठेका ऐकून स्थिर राहील तो आमच्याकडचा पुरुषच नव्हे! माना डोलल्या, टाळ्या पडू लागल्या, आणि हेडक्लार्क तर डोळे मिटून, हातात नसलेल्या झांजा वाजवत चक्क पुढे सरकले. मुलं मात्र खांबासारखी उभी. सुमनच्या नाकावर माशी बसली, तरी पोरगी हलली नाही. घुमट थांबलं तशी ती तुरुतुरु बापापाशी गेली. "बाबा, तूं आउट!"

अंगणभर हशा पिकला. हेडक्लार्क आधी ओशाळले, मग स्वतःच हसत म्हणाले, "बाय, तिका हांगाच उरूं दी. आनी म्हाकाय घे वर्गांत." एकही मूल गेलं नाही.

सगळे पांगल्यावर मी ओरडलो, "आत्या, जिंकलीस गो!" ती ओसरीवर पदर डोळ्यांना लावून बसली होती. इतके दिवस ती किती घाबरली होती, ते मला तेव्हा कळलं.

"रावनात रे हीं दुकां," ती पुन्हा पुन्हा डोळे पुसत म्हणाली.

मी थोडा वेळ तिच्याजवळ बसलो आणि उठून गेलो. आता ती नाही, तर वाटतं, त्या दुपारी आणखी थोडं बसायला हवं होतं.